पंगत आणि शेड्यूल वन

शेगाव आलं आणि अर्धा डबा रिकामा झाला. बर्थखालच्या पिशव्या बाहेर आल्या, पेंगुळलेली पोरं खांद्यावर गेली, एका आजीने दारातूनच मंदिराच्या दिशेने हात जोडले. मी जागेवर बसून राहिलो. शेगावबद्दल मराठीत पुष्कळ लिहून झालं आहे. तिथली स्वच्छता, शिस्त, पाळीपाळीने येणारे बिनपगारी सेवाधारी, सगळं खरं आहे आणि सगळ्यांना ठाऊक आहे. मला त्यातली एकच गोष्ट पुढे सोबत हवी होती. गजानन महाराजांनी समाधी घेतली 8 सप्टेंबर 1910 रोजी, आणि संस्थानाचा कारभार विश्वस्तांकडे गेला तो त्याच्या दोन वर्षं आधी, 1908 मध्ये, महाराज हयात असताना. एरवी आपल्याकडे क्रम ठरलेला: आधी संत जातो, मग समाधी, मग दानपेटी, मग भांडण आणि भांडणाच्या शेवटी ट्रस्टची घटना. वऱ्हाडात निदान एका ठिकाणी संताच्या डोळ्यांदेखत ट्रस्ट झाला.

तर मी निघालो होतो अकोल्याहून अमरावतीकडे. सगळा टापू ओळखीचा. देवाच्या नावाने जमलेला पैसा आणि माणूसबळ देवळाच्या पायरीखाली कुठवर उतरतं, एवढंच बघायचं होतं.

अकोल्यात मोर्णा नदीपलीकडचं जुनं शहर म्हणजे राजराजेश्वराचं राज्य. लोक नुसतं ‘राजेश्वर’ म्हणतात. हे ग्रामदैवत श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी सगळं अकोला रस्त्यावर आणतं. आदल्या रात्री पोरं गांधीग्रामला पूर्णेकाठी जातात, भांडी भरतात आणि अठरा-एक किलोमीटर चालत ते पाणी पिंडीवर आणून घालतात. या कावडीची सुरुवात 1944 च्या सुमाराची मानतात. पावसाने दगा दिला होता, म्हणून काही तरुणांनी देवाला पाणी घातलं, अशी कथा आहे. आता एकेका मंडळाच्या कावडीला शेकडो भांडी टांगलेली असतात, त्याला ‘भरणे’ म्हणतात, आणि किती भरण्यांची कावड यावर मंडळाची इज्जत ठरते. डीजेही असतो. त्यावर दरवर्षी अकोलेकर नाराज होतात आणि दरवर्षी बघायलाही उभे राहतात.

मी गेलो तेव्हा डिसेंबर होता. देवळात शांतता होती, ओट्यावर दोन म्हातारे ऊन खात बसले होते. श्रावणात रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कावडीवाल्यांसाठी काय काय वाटतात, ते मी त्यांना विचारलं. चहा, फराळ, पाणी, पाय दुखले तर गोळ्या, अशी यादी त्यांनी सांगितली. वाटणारे कोण? ‘‘कोणीबी वाटते जी. त्याले काय मंडळ पाहिजे?’’ एकाने उत्तर दिलं, आणि दुसऱ्याने लगेच दुरुस्ती केली, ‘‘मंडळाचं पाहिजेच. नाव कुठी लिहाव मंग?’’ दोघांच्या या दोन वाक्यांत सगळ्या धर्मादाय व्यवहाराची गोम होती.

गांधीग्रामला मी मुद्दाम गेलो. तिथली शेंगदाण्याची गूळपट्टी अकोलेकर परगावी नेतात, मीही घेतली. पूर्णेच्या पुलावर उभं राहिलं की वऱ्हाडाचा एक मोठा विरोधाभास दिसतो. दोन्ही बाजूंना काळीभोर कसदार जमीन आहे, तूर फुलावर आहे, वेचणीला आलेला कापूस पांढरा दिसतो. आणि खाली, विहिरीत नि बोअरमध्ये, खारं पाणी. अकोला, अमरावती आणि बुलडाण्याच्या पोटातून जाणारा हा खारपाणपट्टा. इथे पाणी लागणं आणि पिण्याचं पाणी मिळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पाण्याने किडन्या जातात ही तक्रार गावोगाव ऐकू येते. वान धरणावरून चौऱ्यांशी खेडी योजना झाली, नळ आले, नळाला पाणी येण्याचे दिवस ठरले, आणि त्या दिवसांमधल्या दिवसांत बाया अजूनही हिशेबाने पाणी वापरतात. अशा मुलखात देवळाच्या ट्रस्टने गोड्या पाण्याची टाकी बसवली तर ते कळसाला सोनं चढवण्याहून मोठं काम आहे. पुण्या-मुंबईच्या माणसाला पाणपोई म्हणजे उन्हाळ्यातली हौस वाटते. इथे ती देवस्थानाची खरी परीक्षा असते.

पुढे मूर्तिजापूरच्या वाटेवर एका गावात मारुतीच्या देवळात पंगत होती. गावाचं नाव सांगत नाही, का ते पुढे येईलच. ओळखीच्या एका शिक्षकांनी बोलावलं होतं. देवळामागच्या वावरात पहाटेच गोवऱ्या रचून पेटवल्या होत्या. त्या जळून त्यांचा आर झाला की त्यात रोडगे पुरायचे. वऱ्हाडाबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, रोडगा म्हणजे जाडसर कणकेच्या छोट्या छोट्या पोळ्या तेल लावून एकावर एक ठेवायच्या, बाहेरून आणखी एक पदर घेऊन गोळा बंद करायचा आणि तो निखाऱ्यात भाजायचा. भाजताना माणसाला तिथून हलता येत नाही. लांब काठीने गोळे फिरवत, डोळ्यांतून पाणी काढत चार-पाच जण आराभोवती बसतात. बाहेर काढले की ओल्या फडक्यात घालून रगडायचे, म्हणजे राख जाते आणि आतले पदर सुटे होतात. सोबत वांग्याची भाजी. तिच्यावर एवढा तर्रीदार तेलाचा थर की पहिल्या घासाला ठसका हमखास. वरण, तूप. दुसऱ्या रोडग्याला मी नको म्हणालो, तर वाढणारी बाई जागची हलेना. ‘‘एका रोडग्यावर कोणी उठते काय भाऊ? मारोतीले काय सांगू मी?’’

स्वयंपाकाला सामान कुठून आलं? कणीक घराघरातून पायलीने. वांगी एकाच्या मळ्यातली. तेलाचा पिपा दुसऱ्याचा, तूप तिसऱ्याचं. भांडी देवळाची, लग्नाकार्याला गावात फिरणारी. पंगतीला गाव तर होतंच, शिवाय रस्त्याच्या कामावरचे परप्रांती मजूर होते, मेंढ्या घेऊन उतरलेले धनगर होते, एक बँकेचा वसुली अधिकारीही होता. तो पंगतीत खाली मान घालून जेवत होता, कारण आजूबाजूला त्याचे बरेच खातेदार होते.

जेवण झाल्यावर शिक्षकांनी हळूच सांगितलं की देवस्थानाच्या ट्रस्टचा वाद धर्मादायमध्ये चालू आहे. जुने विश्वस्त वारले, त्यांच्या जागी मुलांची नावं घातली, चेंज रिपोर्ट दाखल झाला, दुसऱ्या गटाने हरकत घेतली आणि आता तारखा पडताहेत. देवाच्या नावावर थोडी जमीन आहे, रस्ता रुंद होणार आहे, मोबदला येणार आहे. एकूण सगळं यात आलं. गंमत म्हणजे तारखेला अकोल्याला एकमेकांविरुद्ध उभे राहणारे दोन्ही गट आज आराभोवती शेजारी शेजारी बसून रोडगे उलटत होते. कागदावरचा ट्रस्ट भांडत होता, खरा ट्रस्ट स्वयंपाक करत होता. मी हे शिक्षकांना बोललो, तर ते म्हणाले, ‘‘ते ठीक आहे, पण जमिनीचे पैसे खऱ्या ट्रस्टच्या खात्यात येत नाहीत, कागदावरच्याच येतात.’’ त्यांचं बरोबर होतं.

मूर्तिजापूर जंक्शन. इथून यवतमाळ आणि अचलपूरला अरुंद रुळांची शकुंतला जायची, तिचे रूळ आता गवतात आहेत. या तालुक्यातल्या दापुऱ्याला, मामाच्या घरी, डेबूजी झिंगराजी जानोरकर वाढला. जन्म शेंडगावचा, 23 फेब्रुवारी 1876. बाप दारूपायी गेला, आईने मूल घेऊन माहेर गाठलं. डेबू गुरं राखायचा, शेती करायचा. मुलीच्या बारशाला जातीच्या रिवाजाप्रमाणे मटण-दारू न देता त्याने गोड जेवण दिलं, तेव्हापासूनच भाऊबंदांनी हा पोरगा वेगळा आहे हे ओळखलं असणार. 1905 च्या फेब्रुवारीत तो घर सोडून निघाला. अंगावर चिंध्या, डोक्यावर किंवा हातात मडक्याचं खापर, दुसऱ्या हातात खराटा. पुढचा गाडगेबाबा सगळ्यांना ठाऊक आहे, असं आपण समजतो.

आपल्याला ठाऊक असतो तो खराटा. ट्रस्टी गाडगेबाबा ठाऊक नसतात. या माणसाला लिहिता-वाचता येत नव्हतं. तरी त्यांनी उभ्या केलेल्या इमारतींची यादी एखाद्या संस्थानिकाला लाजवील अशी आहे. पंढरपूरला 1917 मध्ये चोखामेळा धर्मशाळा. ज्यांना इतर धर्मशाळांत पथारी पसरू देत नसत, त्यांच्यासाठी. मूर्तिजापूरला 1925 मध्ये गोरक्षण, धर्मशाळा, विद्यालय. मुंबईत जे. जे. रुग्णालयाजवळ 1954 मध्ये धर्मशाळा, कारण खेड्यातून आलेल्या रोग्याचे नातेवाईक फुटपाथवर झोपत. नाशिक, आळंदी, देहू वेगळीच. 8 फेब्रुवारी 1952 ला या सगळ्यावर गाडगे महाराज मिशन स्थापन झालं. ते सांगायचे तो धर्म रोकडा होता: भुकेल्याला जेवू घाला, तहानलेल्याला पाणी द्या, उघड्याला कपडा, बेघराला छप्पर, गरिबाच्या पोराला शाळा, रोग्याला औषध, बेकाराला काम. मूर्तीचा त्यात उल्लेख नाही.

मूर्तिजापूरला गोरक्षणाच्या आवारात मी शिरलो तेव्हा गोठा झाडून झाला होता आणि कडबाकुट्टीचा आवाज येत होता. एका भाकड गाईच्या पाठीवरून हात फिरवत उभा राहिलो. गोरक्षण या शब्दाला आज जो आवाज आणि जी धार आली आहे, ती त्या आवारात मला कुठे दिसली नाही. तिथे शेण होतं, चारा होता, काम होतं. चरित्रकारांनी नोंदवलेला बाबांचा एक दंडक मला तिथे सारखा आठवत राहिला. घरच्या माणसांनी धर्मशाळेच्या अन्नाला हात लावायचा नाही, संस्थेच्या कारभारात नात्यागोत्याला जागा नाही. बायको कुंताबाई, मुली हयात होत्या. एकुलता एक मुलगा गोविंदा आधीच गेला होता. तो गेल्याची बातमी त्यांना 1923 मध्ये कोकणात खारेपाटणला कीर्तन चालू असताना कळली आणि कीर्तन थांबलं नाही, ही हकिगत सगळे सांगतात. मला ती ऐकताना अंगावर काटा येतो आणि थोडा रागही येतो. कुंताबाईंच्या वाट्याला काय आलं हे कोणी कीर्तनात सांगत नाही. पण ट्रस्टपुरतं बोलायचं तर हा दंडक सोन्यासारखा आहे. ज्या गावातून मी नुकताच रोडगे खाऊन आलो होतो, तिथला सगळा तंटा याच एका नियमाने मिटला असता.

पूर्णेकाठीच, भातकुली तालुक्यात, ऋणमोचन आहे. पौषातल्या रविवारी इथे यात्रा भरते, मुद्गलेश्वराचं देऊळ आहे, नदीत बुडी मारली की ऋण फिटतं अशी श्रद्धा. कर्जात बुडालेल्या कास्तकारांच्या मुलखात या नावाच्या तीर्थाला गर्दी होणारच. तरुण डेबू जत्रेला आला तेव्हा चिखलाने निसरड्या झालेल्या काठावरून म्हातारे-कोतारे घसरत होते. सगळे देवाला हाका मारत होते, याने कुदळ घेतली आणि पायवाट खोदायला घेतली, असं सांगतात. पुढे 1908 मध्ये तिथे घाट झाला. मी त्या पायऱ्यांवर बसलो. पाणी कमी होतं. यात्रेला अजून अवकाश होता, दुकानांच्या जागा चुन्याने आखून ठेवल्या होत्या.

बडनेऱ्याहून अमरावतीत शिरलं की सगळे रस्ते राजकमल चौकाकडे जातात आणि तिथून गांधी चौकातून अंबादेवीकडे. अंबादेवी आणि शेजारची एकवीरा, दोघींची देवळं अंबानाल्याच्या काठाशी लागून. रुक्मिणी देवीच्या दर्शनाला आली आणि कृष्णाने तिला इथूनच नेलं, ही कथा अमरावतीकर पत्ता सांगावा इतक्या सहजपणे सांगतात. एकवीरेची स्थापना जनार्दन स्वामींनी 1660 मध्ये केली. नवरात्रात इथली गर्दी बघावी. डिसेंबरात मात्र रांग नव्हती, मी दोन मिनिटांत दर्शन घेऊन बाहेर आलो.

दोन मिनिटांत! याच दाराशी 1927 मध्ये काय चाललं होतं ते आठवलं म्हणून मी पायऱ्यांशी रेंगाळलो. अस्पृश्यांना अंबादेवीचं दर्शन मिळावं ही मागणी वऱ्हाडातल्या कार्यकर्त्यांनी लावून धरली होती. देवस्थानाच्या कारभारी मंडळींत दादासाहेब खापर्डे होते. टिळकांचे जिवलग, 1897 च्या अमरावती काँग्रेसचे स्वागताध्यक्ष, गजानन महाराज आणि साईबाबांचे भक्त. म्हणजे राष्ट्रभक्ती होती, संतभक्ती होती, आणि दार बंद होतं. 13 आणि 14 नोव्हेंबरला इंद्रभुवन थिएटरात परिषद भरली, अध्यक्ष डॉ. बाबासाहेब आंबेडकर. परिषद चालू असतानाच मुंबईहून त्यांचे थोरले बंधू बाळाराम वारल्याची तार आली. ते दुःख गिळून त्यांनी काम पुरं केलं. तडजोडीला वाव द्यावा म्हणून सत्याग्रह पुढे ढकलायचं ठरलं.

या लढ्यातलं दुसरं नाव पंजाबराव देशमुखांचं. पापळच्या शेतकऱ्याचा हा मुलगा ऑक्सफर्डहून वैदिक वाङ्मयातल्या धर्मावर प्रबंध लिहून परतला होता. वेद जाणणारा माणूस देवळाच्या दाराशी दार उघडा म्हणून उभा राहतो, तेव्हा शास्त्राधार कोणी कोणाला दाखवायचा हा प्रश्नच उरत नाही. जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष झाल्यावर त्यांनी सार्वजनिक विहिरी सर्वांना खुल्या केल्या, पुन्हा पाणीच. 1932 मध्ये मध्य प्रांत-वऱ्हाडच्या कायदेमंडळात त्यांनी हिंदू देवस्थानांच्या संपत्तीचं विधेयक मांडलं. देवळातला पैसा लोकांच्या कामी यावा, त्याचा हिशेब लोकांना मिळावा, हा त्यामागचा विचार. आज आपल्याला यात वावगं काही दिसत नाही. त्या वेळी धर्म बुडाला म्हणून ओरड करायला एवढं पुरत होतं.

आता अकोल्याच्या कृषी विद्यापीठाला पंजाबरावांचं नाव आहे आणि अमरावतीच्या विद्यापीठाला गाडगेबाबांचं. एकाने कायद्याने देवस्थानाची तिजोरी उघडायचा प्रयत्न केला, दुसरा त्या तिजोरीकडे पाठ करून रस्त्यावरच्या माणसाकडून चार-चार आणे गोळा करत हिंडला. मला विचाराल तर दुसरा मार्ग अधिक यशस्वी झाला, पण पहिल्याशिवाय तो टिकत नाही. बाबांसारखा माणूस गेल्यावर मागे कायदाच उरतो.

तपोवनात मी थोडाच वेळ होतो. डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी 1946 मध्ये कुष्ठरोग्यांसाठी ही वसाहत सुरू केली आणि नाव दिलं जगदंबा कुष्ठनिवास. शहराच्या देवीचं नाव शहराने बाहेर काढलेल्या माणसांच्या वस्तीला. आत झाडी दाट आहे, रस्ते झाडलेले आहेत. एवढं नाव देण्यातच त्या माणसाने काय म्हणायचं ते म्हणून ठेवलं आहे.

गाडगेनगरला समाधी. 20 डिसेंबर 1956 ला अमरावतीजवळ वलगावला, पेढी नदीच्या पुलावर, गाडीतच बाबांनी देह ठेवला. बाबासाहेब जाऊन चौदाच दिवस झाले होते. दोघांचा स्नेह होता. पंढरपूरची ती चोखामेळा धर्मशाळा बाबांनी 1949 मध्ये बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला देऊन टाकली होती, तिथे मुलं शिकावीत म्हणून. देऊन टाकली, हे मला सगळ्यात अवघड वाटतं. इमारत बांधणारे पुष्कळ असतात. बांधलेली इमारत आपल्याहून वेगळ्या विचाराच्या माणसाच्या हाती, तिचा उपयोग वाढेल म्हणून, सोपवणारा विश्वस्त मी दुसरा बघितलेला नाही.

पुण्यतिथीचे दिवस होते, त्यामुळे गाडगेनगरात गर्दी होती. बाहेर खेळणी, तुळशीमाळा, गरम भजी. आत एका कोपऱ्यात मोठमोठ्या पातेल्यांना चिखलमातीचा लेप देत बायका बसल्या होत्या, म्हणजे चुलीच्या धुराने भांडं काळं पडत नाही. त्यातल्या एकीला मी म्हटलं, ‘‘मावशी, कुठच्या?’’ दर्यापूरकडच्या होत्या. दरवर्षी येतात? ‘‘येतो नं. काम रायते इथी. घरी काय, पिच्चर पाहत बसाव?’’ समाधीचं दर्शन झालं का विचारलं, तर म्हणाल्या, ‘‘होईन जाता जाता.’’ एक फाटका म्हातारा भिंतीकडेला जेवून उठला आणि पत्रावळ कुठे टाकायची ते शोधत फिरत राहिला. कोणीतरी ती त्याच्या हातून घेतली, तरी त्याचं समाधान झालं नाही, ती टोपल्यात पडेपर्यंत तो मागेमागे गेला. गाडगेबाबांच्या दारात कचरा टाकायला माणसं अजून लाजतात.

आता वाचकांना एक विनंती. तुमच्या गावातही एखादं देवस्थान असेल, त्याचा ट्रस्ट असेल आणि तुम्ही त्याच्या पेटीत वर्षानुवर्षं काही टाकत आला असाल. पंगतीला जात असालच. एकदा जिल्ह्याच्या धर्मादाय कार्यालयातही जाऊन या. परिशिष्ट एक, ज्याला तिथे सगळे शेड्यूल वन म्हणतात, त्याची नक्कल अर्ज करून मिळते. ट्रस्टचा उद्देश काय, विश्वस्त कोण, देवाच्या नावावर जमीन किती, हे त्यात लिहिलेलं असतं. उद्देशाच्या रकान्यात गोरगरिबांना अन्न, पाणी, शिक्षण असं काही लिहिलेलं आढळलं, तर पुढच्या पंगतीला तो कागद सोबत न्या आणि विश्वस्तांना जेवण झाल्यावर, शांतपणे, वाचून दाखवा.